कोकणात ट्रकवर ड्रायव्हर म्हणून लागायचं तर आधी माल ठरवा

ड्रायव्हरकीला निघालेला माणूस सहसा आधी मालक शोधतो. कोकणात हे उलटं करावं लागतं. आधी कोणता माल वाहायचा ते ठरवा, कारण मालावरून गाडी ठरते आणि गाडीवरून लायसन्स.

वर्षभर चालणारं काम उत्तरेकडे आहे. उरणच्या न्हावा-शेवा बंदरातले कंटेनर, कळंबोलीच्या लोखंड बाजारातला आणि डोलवीच्या कारखान्यातला पोलादी माल, तळोजा, रोह्याचं धाटाव, महाड आणि लोटे-परशुराम इथल्या एमआयडीसींमधले केमिकलचे टँकर. दक्षिणेकडे कामाला हंगाम असतो. मिरकरवाडा आणि हर्णै बंदरांतली मासळी १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत थांबते. हापूसच्या पेट्या साधारण मार्च ते मे. जांभ्याच्या चिऱ्यांचं काम पावसाने चिरेखाणीत पाणी भरेपर्यंत. नुसत्या आंबा-मासळीवर राहिलात तर पावसाळ्यात घरी बसण्याची तयारी ठेवा, नाहीतर जून लागण्याआधीच कळंबोली-उरणकडे ओळख करून ठेवा. जूनमध्ये सगळेच तिकडे जातात.

लायसन्सचं गणित

ट्रान्सपोर्ट गाडी चालवायला वय २० पूर्ण लागतं. जड गाडीचं शिकाऊ लायसन्स काढायच्या आधी हलक्या गाडीचं पक्कं लायसन्स किमान एक वर्ष हातात असावं लागतं. आठवी पासची अट २०१९ मध्ये काढली, त्यामुळे शिक्षण कमी म्हणून मागे राहू नका. कागद असे: डॉक्टरांनी भरलेला फॉर्म १ए, ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म ५, पत्त्याचा आणि वयाचा पुरावा. अर्ज परिवहनच्या सारथी पोर्टलवर. शिकाऊ लायसन्स मिळाल्यावर ३० दिवसांनी चाचणी देता येते, आणि ते सहा महिने चालतं. चाचणीला त्याच वर्गाची गाडी न्यावी लागते. इथे बरेच जण अडतात, तेव्हा शाळेत पैसे भरतानाच चाचणीच्या दिवशी जड गाडी देणार का, हे विचारून घ्या. कार्यालयं: पेण (एमएच-०६), पनवेल (एमएच-४६), रत्नागिरी (एमएच-०८), सिंधुदुर्ग (एमएच-०७).

ट्रान्सपोर्टचं लायसन्स पाच वर्षांचं असतं. नूतनीकरण मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून करता येतं. मुदत संपून वर्ष उलटलं तर पुन्हा चाचणी. मुदत संपलेल्या लायसन्सवर गाडी हातात घेऊ नका. अपघात झाला की विमा कंपनी सगळ्यात आधी तीच तारीख बघते.

हात बसवायला पिकअप किंवा छोटा हत्ती बरा. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२४ च्या निकालानुसार ७,५०० किलोपेक्षा कमी एकूण वजनाची (गाडी आणि माल मिळून) मालगाडी हलक्या गाडीच्या लायसन्सवर चालते, वेगळा ट्रान्सपोर्टचा शेरा लागत नाही. पण ‘आयशर’ म्हटलं की हलकीच, असं धरू नका. त्याच नावाच्या गाड्या या मर्यादेच्या अलीकडेही आहेत आणि पलीकडेही. आरसीवरचं (नोंदणीच्या कागदावरचं) ग्रॉस वेट, म्हणजे हेच एकूण वजन, बघा.

महाड-लोट्याचे टँकर चालवायचे असतील तर घातक मालाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन लायसन्सवर तसा शेरा मारून घ्यावा लागतो, आणि अशा लायसन्सचं नूतनीकरण तीन वर्षांनी येतं. हा शेरा असलेले ड्रायव्हर कमी असतात, म्हणून तीन दिवस घालवणं परवडतं. मात्र ट्रेम कार्ड वाचता आलं पाहिजे. टाकीत काय आहे, गळलं तर काय करायचं, पाणी मारायचं की नाही, हे त्यावर लिहिलेलं असतं. माल चढवताना-उतरवताना अर्थिंगची केबल (टाकीवरची स्थिर वीज जमिनीत उतरवणारी) आधी लावायची आणि शेवटी काढायची. ‘दोन मिनिटांचं काम आहे’ म्हणून ती टाळणाऱ्या ठिकाणी नोकरी धरू नका.

काम मिळतं कसं

जाहिरात क्वचितच असते. गाडी उभी राहिली, की मालक आपल्याच दुसऱ्या ड्रायव्हरला विचारतो, ‘कोण आहे का रे?’ त्या वेळी तुमचं नाव निघालं पाहिजे. त्यासाठी कळंबोलीतली ट्रान्सपोर्ट ऑफिसं, एमआयडीसीच्या गेटबाहेरची पार्किंग आणि हायवेवरचे ढाबे फिरा. सकाळी जा, गाड्यांची वाटणी तेव्हाच होते. लायसन्स आणि आधारच्या झेरॉक्स प्रती, दोन फोटो, आधीच्या मालकाचा नंबर आणि डिजीलॉकर चालू असलेला फोन जवळ ठेवा. मूळ लायसन्स कोणाकडेही तारण ठेवू नका. ‘ऑफिसात राहू दे’ म्हणणाऱ्याला झेरॉक्स द्या. लायसन्स अडकलं की नोकरी सोडताही येत नाही.

थेट दहा चाकीची किल्ली कोणी देत नाही. सहा महिने क्लीनर म्हणून चढलात तर दोरी, ताडपत्री, चाक बदलणं आणि रिव्हर्सला हात दाखवणं शिकता. कंटेनरच्या कामात जास्तीचं लक्ष लागतं. बंदराच्या गेटवर पास, निर्यातीच्या कंटेनरला फॉर्म १३ (बंदरात आत सोडण्याचा कागद), सीलचा नंबर कागदाशी जुळतो का, कंटेनरला चेप असेल तर गेटवरच्या पावतीत तसं लिहून घेतलं का. शेवटचं राहिलं तर ती चेप तुमच्या पगारातून निघते. निघण्याआधी कंटेनर गाडीला पकडून ठेवणारे चारही ट्विस्ट लॉक हाताने हलवून बघा. नुसतं बघून कळत नाही.

घाटातली परीक्षा

कोकणात मालक ड्रायव्हर पारखतो तो घाट उतरताना. कुंभार्ली, आंबा, फोंडा, आंबोली. भरलेली गाडी घाटावरून खाली आणताना शेजारी बसलेला जुना ड्रायव्हर तुमच्या पायाकडे बघतो. उतार सुरू व्हायच्या आधी गाडी थांबवा. ब्रेकच्या हवेचा दाब दाखवणारा काटा सात-आठ किलोवर आहे का बघा. ज्या गिअरमध्ये ही गाडी तो घाट चढली असती, तोच गिअर वरच टाका, कारण वेग वाढल्यावर खालचा गिअर पडत नाही आणि गाडी न्यूट्रलमध्ये लटकते. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग धरणारा) लावा. पायाचा ब्रेक थोडा वेळ ठाम दाबायचा, वेग उतरला की पूर्ण सोडायचा. सतत पाय ठेवलात तर चाकातला ब्रेकचा ड्रम तापून फुगतो, त्यावर घासणारा लायनर गुळगुळीत होतो आणि पुढच्या वळणावर पेडल दाबूनही गाडी धरत नाही. उलट पटापट पंप मारले तर कंप्रेसर भरतो त्यापेक्षा हवा लवकर संपते. लायनर जळाल्याचा वास आला की जागा बघून थांबा, चाकाला ठोकळा लावा आणि ड्रम आपोआप निवू द्या. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतलं तर तो तडकतो.

पावसाळ्यात सकाळी एअर टाकीचा नळ उघडून पाणी काढा. मागच्या जोडचाकांत अडकलेली खडी टामीने (लोखंडी दांड्याने) काढा, नाहीतर ती टायरची बाजू कापते. डंपर चालवत असाल तर डाला वर असताना गाडी एक फूटही पुढे घेऊ नका आणि वर वीजतार आहे का, हे खाली उतरून बघा.

पैशाचं बोलणं

पगार महिन्याचा की खेपेचा, भत्ता रोजचा की खेपेचा, टोल, वजनकाटा, हमाली कोणाकडे, पंक्चर कोणाचं, गाडी गॅरेजात उभी असली तर भत्ता चालू की बंद? रेल्वेच्या रो-रोवर (भरलेले ट्रकच वाहून नेणाऱ्या मालगाडीवर) कोलाडला गाडी चढवून गोव्यात वेर्ण्याला उतरवायची असेल, तर त्या दिवसाचा भत्ता धरतात का, हेही विचारा. गाडी झोपून जाते, ड्रायव्हर मात्र तिच्यासोबतच असतो.

डिझेलचा हिशोब कागदावर मांडून घ्या. पनवेल ते रत्नागिरी जाऊन-येऊन साधारण ६०० किलोमीटर. मालकाने ४ चं अ‍ॅव्हरेज धरलं तर १५० लिटर. घाट, खड्डे आणि माणगावची कोंडी धरून प्रत्यक्षात ३.५ पडलं तर १७१ लिटर लागतात, म्हणजे २१ लिटर तुमच्या नावावर. म्हणून अ‍ॅव्हरेज भरलेल्या गाडीचं वेगळं, रिकाम्याचं वेगळं ठरवा. पहिली खेप टाकी फुल करून आणि परत आल्यावर पुन्हा फुल करून मोजा.

उचल जमेल तेवढी कमी घ्या. घेतलीत तर महिन्याला किती कापणार, ते वहीत दोघांच्या सहीने लिहा.

ओव्हरलोडला ‘बघून घेऊ’ हे उत्तर चालवून घेऊ नका. दहा चाकीचं एकूण वजन जास्तीत जास्त २८.५ टन, सहा चाकीचं १८.५ टन. कायद्यात दंड २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २,००० रुपये. तो कोण भरणार, हे आधी ठरवा; आणि वजनकाट्याची पावती बिल्टीसोबत (ट्रान्सपोर्टने दिलेल्या मालाच्या पावतीसोबत) ठेवा. ई-वे बिल (मालासोबतचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) प्रत्येक २०० किलोमीटरला एक दिवस चालतं. गाडी वाटेत बंद पडली तर मुदत संपायच्या आत ऑफिसला फोन करून ती वाढवून घ्या.

गणपतीच्या आधी मुंबई-गोवा महामार्गावर जड वाहनांना ठरावीक दिवस बंदी येते. तिचं परिपत्रक दरवर्षी निघतं. त्या दिवसांत खेप नाही म्हणून पगार कापणार का, हे श्रावणातच विचारून घ्या.