'उदास' नव्हे, दिसलं ते लिहा

प्राणिसंग्रहालयात गोरिलांच्या निरीक्षणाच्या पहिल्याच दिवशी मी वहीत लिहिलं, 'नर उदास बसलाय.' मार्गदर्शक बाईंनी विचारलं, "उदास म्हणजे नेमकं काय दिसलं?" पाठ काचेकडे, हात गुडघ्यावर, डोळे अर्धवट मिटलेले. "मग तेवढंच लिही."

प्राणिसंग्रहालयात गोरिलांचं निरीक्षण शिकायचं असेल, तर आधी एथोग्राम, म्हणजे वर्तनांची व्याख्यांसह यादी, पाठ करा. व्याख्या इतकी नेमकी हवी, की शेजारी बसलेल्या दोघांच्या नोंदी जुळाव्यात. नोंदीच्या पद्धतींसाठी प्राणिवर्तनाच्या अभ्यासक जीन ऑल्टमन यांचा १९७४ चा लेख वाचाच. फोकल पद्धतीत ठरलेला वेळ एकाच प्राण्यावर नजर ठेवायची, स्कॅनमध्ये ठरावीक अंतराने अख्ख्या गटावरून फिरवायची. नुसतं लक्ष वेधणारंच टिपलंत, तर वही छाती बडवण्यानं भरते आणि खाण्यात, विश्रांतीत जाणारा बहुतेक दिवस निसटतो. कोण कोण आहे ते नाकपुड्यांवरच्या वळ्यांवरून ओळखतात. प्रत्येकाच्या वेगळ्या असतात. मला त्यात तीन आठवडे गेले.

एकदा मी नराच्या डोळ्यांत थेट बघत राहिले. त्याचे ओठ घट्ट आवळले गेले, अंग ताठ झालं, तो उठून उभा राहिला. गोरिलांमध्ये रोखून बघणं म्हणजे धमकी. ती नोंद मी बाद केली, कारण ते वर्तन मीच घडवलं होतं. काच वाजवणं, फ्लॅश मारणं, नकला करणं यातलं काहीच करायचं नाही. तिरकं बसा, नजर खाली असू द्या. सर्दी असेल तर जाऊच नका. माणसाचे श्वसनाचे आजार त्यांना होतात. जानेवारी २०२१ मध्ये सॅन दिएगोच्या सफारी पार्कमधल्या गोरिलांना कोविड झाला होता.

खाल्लेलं ओकून पुन्हा खाणं, स्वतःचे केस उपटणं हे बघवत नाही, पण तिथून नजर काढू नका. आमच्या गटातली एक मादी दंडावरचे केस उपटायची. वेळा मांडल्यावर दिसलं, की बहुतेक नोंदी दुपारच्या खाण्याआधीच्या अर्ध्या तासातल्या आहेत. मी तो कागद तिची देखभाल करणाऱ्यांना दाखवला. आता ते त्याच वेळेला गवतात दाणे विखरून ठेवतात, आणि मी रोज त्या अर्ध्या तासाला तिथे असते. फोकल, तीच मादी.