फौजेतून पेन्शनवर मुंबईला येताय? ट्रेनिंग, कार्ड आणि नोकरी यांची सांगड अशी घाला

पहिली गोष्ट पक्की करून घ्या, माजी सैनिकासाठी सगळं एकाच खिडकीत मिळत नाही. ट्रेनिंग देणारे वेगळे, ओळखपत्र देणारे वेगळे, नोकरीला नाव पाठवणारे वेगळे, आणि भरतीची जाहिरात काढणारे तर अजूनच वेगळे. यातलं कुठलंच ऑफिस दुसऱ्याला फोन करून तुमचं काम पुढे सरकवत नाही. ती जोडणी तुम्हालाच करावी लागते आणि ती डिस्चार्जच्या वर्षभर आधीच सुरू करावी लागते. नोकरीतला माणूस जम्मूला किंवा आसामला असतो, म्हणून माझा आग्रह असा की घरातल्या एकाने हे काम अंगावर घ्यावं. बायको, थोरला मुलगा, भाऊ, कुणीही चालेल, पण एकच माणूस आणि एकच फाईल.

आता कोण काय करतं ते बघू. दिल्लीत संरक्षण मंत्रालयाचं पुनर्वसन महासंचालनालय आहे, सगळे त्याला डीजीआर म्हणतात, आपल्या दक्षिण झोनचं त्यांचं ऑफिस पुण्यात. ट्रेनिंग कोर्स आणि डीजीआरच्या रोजगार योजना इथून येतात. राज्याकडे सैनिक कल्याण विभाग आहे, त्याचं मुख्यालयही पुण्यातच, आणि खाली जिल्ह्यांत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयं. मुंबईकरांचा इथे हमखास गोंधळ होतो. मुंबई शहर वेगळा जिल्हा, मुंबई उपनगर वेगळा, आणि डोंबिवली, कल्याण, ऐरोलीला राहणारे ठाणे जिल्ह्यात येतात. मुलुंडमध्ये घर असेल तर उपनगर, पुलापलीकडे ऐरोलीत असेल तर ठाणे. गावचा पत्ता साताऱ्याचा नि राहणं मुंबईत असं असेल तर डिस्चार्जच्या कागदावर कुठला पत्ता टाकायचा ते युनिटच्या क्लार्कसमोर बसायच्या आधीच घरात ठरवा, नंतर नोंदणी एका जिल्ह्यातून दुसऱ्यात हलवत बसण्यात फुकट वेळ जातो.

ट्रेनिंगबद्दल. जवान आणि जेसीओंना (सुभेदार, नायब सुभेदार वगैरेंना) डीजीआरच्या कोर्सची फी भरावी लागत नाही, अधिकाऱ्यांना काही हिस्सा स्वतः भरावा लागतो, त्यांच्यासाठी आयआयएमसारख्या संस्थांमध्ये २४ आठवड्यांचे मॅनेजमेंट कोर्सही असतात. जवानांचे कोर्स सर्व्हिसच्या शेवटच्या टप्प्यात होतात आणि अर्ज युनिटमार्फत जातो, म्हणजे सीओ साहेबांची (युनिटच्या प्रमुखांची) परवानगी, रजा, ड्युटी सगळं जुळवावं लागतं. खूप जण जो कोर्स मिळेल तो घेतात, घराजवळ आहे म्हणून किंवा दोस्ताने घेतलाय म्हणून. कृपया असं करू नका. आधी तीन-चार भरतीच्या जाहिराती काढून समोर ठेवा, त्यात कुठलं सर्टिफिकेट मागतायत ते बघा आणि मग कोर्स निवडा. सिग्नलमधला माणूस फायर सेफ्टी किंवा सिक्युरिटी सुपरवायझरचा कोर्स करून मोकळा होतो, खरं तर त्याचा हात नेटवर्किंगमध्ये बसलेला असतो आणि मुंबईत त्याला मागणीही असते. एमटी, म्हणजे फौजेच्या गाड्यांचे ड्रायव्हर असाल तर कोर्सच्या आधी सिव्हिल हेवी लायसन्सचं काम आरटीओत मार्गी लावा. फौजी ट्रेडला सिव्हिलमध्ये काय म्हणतात ते डिस्चार्ज बुकात नीट लिहिलंय का तेही तपासा, बायोडाटा त्याच सिव्हिल नावाने बनवा, कारण एचआरमधल्या पोरीला ओसीयू किंवा डीएमटी अशी फौजी ट्रेडची नावं वाचून काही कळत नाही आणि त्यात तिची चूकही नाही.

नेव्हीवाल्यांसाठी मुंबईत एक मोठा फायदा आहे. नौदलातला अनुभव मर्चंट नेव्हीत धरायची डीजी शिपिंगची (जहाज वाहतुकीच्या केंद्रीय खात्याची) स्कीम २०२० पासून आहे आणि त्यांचं ऑफिस इथेच कांजूरमार्गला आहे. सीडीसी (जहाजावरच्या कर्मचाऱ्याचं नोंदपुस्तक) आणि एसटीसीडब्ल्यू (जहाजावरच्या कामासाठीचे आंतरराष्ट्रीय दर्जाचे) कोर्स लागतातच, पण तुमची सी-टाइमची, म्हणजे समुद्रावर घालवलेल्या काळाची नोंद कशी धरतात हे सर्व्हिसमध्ये असतानाच समजून घ्या, एकदा जहाज सोडलं की ते कागद मागवणं फार जड जातं.

डिस्चार्जनंतर पहिलं काम म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी आणि माजी सैनिक ओळखपत्र. डिस्चार्ज बुक, पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश (स्पर्श या पेन्शन पोर्टलवरून डाउनलोड करून ठेवा), आधार, बँक पासबुक, फोटो, मुलांचे जन्मदाखले, सगळ्याच्या झेरॉक्स आणि पीडीएफ फोनमध्ये. बायकोचं आणि मुलांचं नाव, जन्मतारीख सर्व्हिस रेकॉर्ड आणि आधारला सारखीच आहे का ते आत्ताच बघा. फरक असेल तर दुरुस्ती रेकॉर्ड ऑफिसकडून होते आणि तिला महिने लागतात, आणि तोवर मुलांच्या स्कॉलरशिपपासून सगळं लटकतं. कार्ड झालं की तिथेच नोकरीसाठी नाव नोंदवा, शिवाय राज्याच्या महास्वयम या रोजगार पोर्टलवर आणि केंद्राच्या एनसीएस या नोकरीच्या पोर्टलवरही. आर्मीवाल्यांनी एडब्ल्यूपीओ, नेव्हीवाल्यांनी आयएनपीए या आपापल्या दलाच्या नोकरी मिळवून देणाऱ्या संस्थांतही नाव द्या. इतक्या ठिकाणी कशाला असं वाटेल, पण जागा कुठून येईल ते कुणालाच आधी माहीत नसतं.

आता सरकारी नोकरीतलं आरक्षण, हा भाग दोनदा वाचा. केंद्रात ग्रुप सी मध्ये १० टक्के जागा माजी सैनिकांना, सरकारी बँका आणि सार्वजनिक कंपन्यांत ग्रुप सी ला १४.५ टक्के. महाराष्ट्र शासनाच्या गट क आणि ड मध्ये १५ टक्के समांतर आरक्षण, म्हणजे जातीच्या प्रवर्गांच्या आतच धरलेलं. वयात सूट म्हणजे झालेली सर्व्हिस वयातून वजा आणि वर ३ वर्षं. दहावी पास असून १५ वर्षं सर्व्हिस झालेल्याला केंद्रातल्या ग्रुप सी च्या ज्या पदांना पदवी लागते, पण काम टेक्निकल नसतं, तिथे अर्ज करता येतो. कितीतरी जण फॉर्मवर ग्रॅज्युएशन दिसलं की तिथेच थांबतात, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. केंद्रात आरक्षणातून एकदा नोकरीला लागलात की पुढच्या नोकरीला ते आरक्षण मिळत नाही. पण पहिली नोकरी जॉइन करायच्या आधी तुम्ही जिथे जिथे अर्ज केलेत त्यांची यादी तारखेसकट जॉइन होतानाच लेखी दिलीत तर त्या अर्जांसाठी हक्क शाबूत राहतो, डीओपीटीचा (केंद्राच्या कार्मिक विभागाचा) २०१४ चा आदेश आहे तसा. म्हणून फाईलच्या पहिल्या पानावर तक्ता हवा, पद, खातं, अर्जाची तारीख, रजिस्ट्रेशन नंबर. घरातला जो हे सगळं सांभाळतोय त्याने प्रत्येक फॉर्म भरल्यावर त्याच दिवशी त्यात ओळ टाकायची. क्लार्कची नोकरी मिळाली म्हणून आनंदात जॉइन व्हायचं आणि महिन्याने आधी दिलेल्या चांगल्या परीक्षेचा निकाल हातचा जायचा, हे कुणाच्याही वाट्याला येऊ नये.

सिक्युरिटीत जायचं ठरवलंत तर त्यात कमीपणा काहीच नाही, फक्त एजन्सीला थेट विचारा, डीजीआर स्पॉन्सर्ड, म्हणजे डीजीआरमार्फत मिळालेलं काम आहे का, पगार डीजीआरच्या रेटने का, पीएफ आणि ईएसआयसी कापून जमा होतं का. राज्य सरकारचं माजी सैनिक महामंडळ, म्हणजे मेस्को, तेही सरकारी आणि इतर आस्थापनांना गार्ड पुरवतं, तिथे नाव घालून ठेवा. पगार रोख देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका, आणि नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवा, यातल्या कुठल्याही सरकारी नोंदणीसाठी एजंट लागत नाही.

वीरपत्नी आणि सैनिकांच्या विधवा भगिनींनी हे फक्त पुरुषांसाठी आहे असं धरू नये. डीजीआरच्या ट्रेनिंगसाठी त्यांचाही विचार होतो आणि जिल्हा कार्यालयात कल्याण संघटक असतात, त्यांना भेटून आपलं नाव कुठल्या यादीत आहे ते विचारा. अग्निवीर मुलांचं गणित मात्र वेगळं आहे, केंद्रीय सशस्त्र दलांत कॉन्स्टेबल भरतीला त्यांच्यासाठी स्वतंत्र कोटा आहे, वरचे माजी सैनिकांचे नियम त्यांनी स्वतःला लागू धरू नयेत, प्रत्येक जाहिरात नीट वाचावी.

दर महिन्याला एकदा फाईल उघडून बसा, पोर्टलवरचा मोबाईल नंबर चालू आहे का, नोंदणीच्या रिन्युअलची तारीख जवळ आलीय का, जिल्हा कार्यालयात नवीन रोजगार मेळावा लागलाय का ते बघा. सर्व्हिसमधला फौजी नंबर बंद होतो आणि कॉल लेटरचा मेसेज त्याच नंबरवर जातो, त्यामुळे घरचा नंबर आजच टाकून घ्या.