पर्शियन पिल्लं घरात वाढवताना: आधी ऊब, मग दूध

मांजरी गाभण आहे, तिचं खाणं पिल्लांच्या खुराकावर आणलंय, लस आणि जंताचं औषध बोका दाखवायच्या आधीच उरकलंय आणि रात्री अकराला फोन उचलणारा पशुवैद्य गाठीशी आहे, असं धरूनच पुढचं लिहिते. यातलं काही राहिलं असेल तर आधी ते करा.

आई-बाप दोघांचीही पीकेडीची तपासणी झालेली नसेल तर मात्र पर्शियनची वीण घेऊच नका. मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होत जाणारा हा आनुवंशिक आजार आहे. दोघांपैकी एकाकडून जरी दोष आला तरी साधारण निम्म्या पिल्लांत उतरतो आणि पिल्लू लहानपणी ठणठणीत दिसतं. जनुकाची तपासणी करता येते. ती नाही जमली तर मांजर दहा महिन्यांचं झाल्यावर सोनोग्राफीत बहुतेक वेळा गाठी दिसतात. पंच फेसला, म्हणजे नाक आत दबलेल्या चपट्या तोंडाच्या पर्शियनला, बाजारात भाव जास्त म्हणून नाक जितकं आत तितकं भारी, अशी एक समजूत पसरली आहे. डोकं मोठं, नाकपुड्या अरुंद आणि डोळे सदा पाझरते, असं पिल्लू जन्मताना आईला छळतं आणि जन्मल्यावर स्वतः धापा टाकतं. मी डॉल फेसच, म्हणजे नाक बाहेर असलेलं तोंडच, पसंत करते आणि त्यावरून कुणाशी वाद घालत नाही.

खोका

पुठ्ठ्याचा मोठा खोका पुरतो. तळाशी वर्तमानपत्रं, त्यावर जुनं सुती लुगडं. टर्किश टॉवेल नको, त्याच्या फासांत पिल्लांची नखं अडकतात. खोका येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वाटेत ठेवू नका. फरशी फिनेलनं पुसत असाल तर ते बंद करा, डेटॉलही नको, मांजराचं यकृत ही औषधं पचवू शकत नाही. वीण जवळ आली की मांजरीच्या सडांभोवतीचे आणि शेपटीखालचे लांब केस कातरून घ्या.

वीण

दिवस भरतात साधारण ६३ ते ६७. बहुतेक मांजरी सगळं स्वतःच करतात, तुम्ही फक्त पिल्लं आणि प्रत्येकामागून पडणारी वार मोजत बसा. जोराच्या कळा सुरू होऊन अर्धा तास झाला तरी पिल्लू दिसत नाही, किंवा पिल्लू न येताच हिरवट स्राव किंवा रक्त येतंय, तर थेट डॉक्टर. चपट्या तोंडाच्या मांजरीला कधीकधी नाळ नीट तोडता येत नाही. तेव्हा पोटापासून दोन-तीन सेंटिमीटरवर दोरा आवळून पलीकडे कापा. पिल्लाच्या नाकातलं पाणी काढायला त्याला हातात धरून गरागरा झटकायचं, हे जुने लोक अजून सांगतात. झटकू नका, मेंदूला मार बसतो. तोंड-नाक फडक्यानं पुसा आणि पाठीवर जरा रेटून चोळा, पिल्लू ओरडतंच.

पहिल्या दिवशी प्रत्येक पिल्लाच्या पोटात चीक गेलाच पाहिजे. आईची रोगप्रतिकारशक्ती पिल्लाच्या रक्तात जायची वाट साधारण १६ तासांतच बंद होते. कोण सडाला लागलंय, कोण नाही, हे एकेक करून बघा.

पहिले पंधरा दिवस

खरं काम इथून सुरू होतं. मला हाच टप्पा जमायला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि सगळ्यात जास्त चुकीचे सल्लेही याच टप्प्याचे मिळतात. पहिला सल्ला असतो, डोळे उघडेपर्यंत हात लावू नका, आई टाकून देते. दुसरा, मांजर पिल्लांना सात घरं फिरवते, तेव्हा तिच्या वाटेला जाऊ नका. मांजरी पिल्लं हलवते ती गडबडीमुळे, उजेडामुळे किंवा जागा गार पडल्यामुळे. तिच्या ओळखीच्या हाताचं तिला काही वाटत नाही. उलट रोज हात लावायचाच आहे, कारण रोज वजन करायचं आहे.

स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा घ्या. त्यावर स्टीलचा डबा, आत रुमाल, काटा शून्यावर आणायचा आणि पिल्लू ठेवायचं. वेळ रोज तीच. जन्मताना पर्शियन पिल्लू ८० ते ११० ग्रॅमच्या आसपास असतं. पहिल्या चोवीस तासांत दोन-चार ग्रॅम उतरले तर चालतं. त्यानंतर रोज निदान दहा ग्रॅम चढायलाच हवेत आणि दहाव्या दिवसाच्या आत-बाहेर वजन दुप्पट व्हायला हवं. वहीत एका पिल्लापुढे ९८, ९७, १०९, १२१ असे आकडे आहेत आणि दुसऱ्यापुढे ८६, ८४, ८४, ८३, तर हे दुसरं पिल्लू जाण्याच्या वाटेवर आहे. दिसायला ते अजून भावंडांत मिसळून पडलेलं असतं, ओरडतही नाही. शांत आहे म्हणून आपण खूश होतो. शांत आणि सडाला न लागणारं पिल्लू म्हणजे धोका, हे पक्कं ध्यानात ठेवा. सगळीच पांढरी असतील तर ओळखायला एकाचा खांद्यावरचा, दुसऱ्याचा कमरेवरचा केसांचा झुबका कातरा. गळ्यात दोरा किंवा रिबीन बांधू नका, फास बसतो.

एक दिवस वजन चढलं नाही तर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. उतरलं तर त्याच दिवशी हातपाय हलवा. हातपाय हलवा म्हणजे दूध पाजा, असं नव्हे. सगळ्यांचं घोडं इथंच अडतं. पिल्लू मलूल दिसलं की घरातलं प्रत्येक माणूस वाटी-चमचा घेऊन धावतं. मलूल पिल्लू बहुतेक वेळा आधी गारठलेलं असतं आणि उपाशी त्याच्यामुळे राहिलेलं असतं. पहिल्या आठवड्यात पिल्लाला कुडकुडताही येत नाही, अंगात ऊब तयार करायची सोय फारशी नसते. आईच्या पोटापासून किंवा भावंडांच्या ढिगातून बाजूला सरकलं की अंग उतरत जातं. अंगाचं तापमान ३४-३५ अंशांच्या खाली गेलं की आतडी काम थांबवतात. अशा पोटात घातलेलं दूध पचत नाही, तिथंच नासतं, उलटून येतं आणि छातीत जातं. मग आपण म्हणतो, पाजलं होतं तरी गेलं. पाजलं म्हणूनच गेलेलं असतं.

तेव्हा आधी करंगळी पिल्लाच्या तोंडात घाला. धडधाकट पिल्लाचं तोंड ओलं आणि कोमट लागतं आणि ते लगेच बोट ओढायला बघतं. गारठलेल्याचं तोंड आतून थंड, थोडं चिकट लागतं आणि बोट नुसतं तोंडात राहतं. खात्री हवी तर डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला खोबरेल लावून गुदद्वारात अगदी टोकापुरता घाला. तोंड गार असेल तर दुधाची बाटली नजरेआड ठेवा.

ऊब हळूहळू द्यायची, तासा-दीड तासात. सगळ्यात चांगली जागा म्हणजे तुमचं स्वतःचं अंग. पिल्लू मऊ फडक्यात सैल गुंडाळून छातीशी, कपड्याच्या आत धरा आणि दर काही मिनिटांनी कूस बदला. हेअर ड्रायर, गरम पाण्याची आंघोळ, शेगडीजवळ धरणं, यातलं काहीही नको. कातडी एकदम तापते, रक्त तिकडे धावतं आणि पिल्लू कोसळतं. ब्रँडीचा थेंब सांगणारेही भेटतील. त्यांना चहा पाजून वाटेला लावा.

पिल्लू हलायला लागलं, तोंड कोमट झालं, की मग ग्लुकोज पावडरच्या कोमट पाण्याचा एखादा थेंब हिरडीवर चोळा. थोड्या वेळानं त्याला आईच्या मागच्या सडांना लावा, तिथं दूध जास्त असतं. धट्टीकट्टी भावंडं वीसेक मिनिटं टोपलीत उबेत बाजूला ठेवा, म्हणजे याला कुणी ढकलणार नाही. निम्म्याहून जास्त वेळा इथंच काम होतं आणि बाटली लागतच नाही.

लागलीच, तर दुधाचं बघू. कोल्हापुरात हे सांगताना मला दरवेळी भांडावं लागतं. गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पिऊन वाढलेल्या माणसाला म्हशीच्या दुधानं कुणाचं वाईट होईल, हे पटतच नाही. म्हशीच्या दुधात स्निग्धांश ६-७ टक्के, प्रथिनं मात्र ४ टक्क्यांच्या आसपास. मांजरीच्या दुधात प्रथिनं ७ टक्क्यांच्या घरात. दूध दाट आहे म्हणून ते मांजराचं होत नाही, पिल्लाला हगवण लागते आणि एवढ्याशा जिवाला एका रात्रीची हगवणही पुरते. गाईचं आणि शेळीचंही नको. मांजराच्या पिल्लांची म्हणून वेगळी दूध पावडर मिळते, ती दिवस भरायच्या आधीच आणून ठेवा. रविवारी रात्री ती कुठंच मिळत नाही.

पाजताना पिल्लू पोटावर हवं, आईला पिताना असतं तसं. माणसाच्या बाळासारखं उताणं धरून पाजलं की दूध थेट श्वासनलिकेत जातं. दूध ३८ अंशांच्या आसपास, मनगटावर टाकलं तर ना गरम ना गार लागेल असं. एका वेळी १०० ग्रॅम वजनाला ४ मिली, त्याहून जास्त नाही, आणि पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. सिरिंज असेल तर थेंब थेंब. दट्ट्या दाबायची घाई करायची नाही, पिल्लानं गिळलं की पुढचा थेंब. नाकातून दूध आलं तर तिथंच थांबा, डोकं खाली करून नाक पुसा आणि पिल्लाचा श्वास घुरघुरतोय का ते बघा. घुरघुरत असेल तर डॉक्टर, लगेच. आई चाटत नसेल तर पाजून झाल्यावर ओल्या कोमट कापसानं मागचा भाग हलके चोळून शी-शू करवून घ्या. ती स्वतःहून होत नाही.

एवढं करूनही दोन वेळच्या पाजण्यानंतर पिल्लू परत गार पडत असेल, तर घरी झुंजत बसू नका. टाळूत फट आहे का, संसर्ग आहे का, हे डॉक्टरच बघतील. पहिल्या दोन-तीन दिवसांत लघवी गडद तांबूस दिसली तर सगळ्याच पिल्लांना आईच्या दुधापासून तोडा आणि डॉक्टरांना फोन करा. आई आणि पिल्लांचा रक्तगट जुळत नाही तेव्हा असं होतं. पर्शियन आणि ब्रिटिश शॉर्टहेअरमध्ये ही शक्यता असते.

खोक्यातली ऊब पहिल्या आठवड्यात ३० ते ३२ अंश, दुसऱ्यात २७ ते २९. पण निम्म्याच खोक्यात. निम्मा खोका गार ठेवा, म्हणजे उकडलं की पिल्लू आणि आई सरकू शकतात. वरून टांगलेला बल्ब मला पसंत नाही. पिल्लांचं अंग सुकतं आणि लांब केसांची आई वैतागून बाहेर जाऊन बसते. इकडे जुलैत झड लागली की दिवसचे दिवस ऊन नाही, भिंतीला ओल, आणि लाईट नेमकी मध्यरात्री जाते. म्हणून विजेचं पॅड असलं तरी रबरी पिशव्या तयार ठेवा, जाड फडक्यात गुंडाळून. थंड झालेली पिशवी तशीच आत राहिली तर ती पिल्लाच्याच अंगातली ऊब ओढते. गजर लावा.

या काळात आईकडेही बघा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ती धापा टाकायला लागली, पाय ताठ झाले, अंगाला झटके येऊ लागले, तर कॅल्शियम उतरलंय. हे सकाळपर्यंत थांबणारं दुखणं नाही. एखादा सड लाल, कडक आणि गरम लागला तरी डॉक्टरांना दाखवा.

पुढचं सोपं आहे

डोळे सात ते चौदा दिवसांत उघडतात. तुम्ही उघडू नका. जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी, मात्रा वजनावर, डॉक्टरांना विचारून.

चौथ्या आठवड्यात बशीत भिजवलेलं किटन फूड किंवा उकडलेल्या चिकनची पेस्ट. चिकन मीठ-मसाला न घालता, वेगळं उकडा. पांढऱ्या रश्श्यातला तुकडा धुऊन दिला तरी चालत नाही. कांदा-लसूण मांजराच्या तांबड्या पेशी मोडतो. याच सुमारास उथळ ट्रे ठेवा. त्यात गोळा होणारी वाळू नको, पिल्लं ती खातात.

पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत. ती एकत्रच तीन विषाणूंवरची असते, पण त्यातला पॅनल्यूकोपेनिया सगळ्यात वाईट, तो अख्खी वीण नेतो. पुढचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं, सोळा आठवड्यांपर्यंत. रेबीजची लस बारा आठवडे झाल्यावर. तोवर बाहेरून आलेल्या माणसाचे चप्पल-बूट दाराबाहेर आणि हात धुतल्याशिवाय पिल्लू हातात नाही, पाहुणा कितीही मानाचा असो. पिसवा दिसल्या तर बारक्या दातांचा कंगवा वापरा. कुत्र्याचं परमेथ्रिन असलेलं औषध मांजराला मारतं. तापाला घरातली पॅरासिटामॉल देणं म्हणजे विष देणं, अर्धी गोळीसुद्धा.

केस विंचरायची सवय पाचव्या आठवड्यापासून लावा, रोज दोन मिनिटं. मोठेपणी गाठी सोडवताना ओरबाडून घ्यायचं नसेल तर एवढं करा.

बारा आठवड्यांच्या आत पिल्लू कुणालाही देऊ नका. दीड महिन्याचं मागणारे पुष्कळ येतात, कारण तेव्हा ते कापसाच्या गोळ्यासारखं दिसतं. पण चावायचं किती आणि नखं कधी आत घ्यायची हे ते आई-भावंडांकडूनच शिकतं आणि त्याला वेळ लागतो. देताना लसीचं कार्ड, आई-बापाच्या पीकेडी तपासणीची प्रत आणि चालू खाण्याची आठवडाभर पुरेल एवढी पिशवी सोबत द्या. नव्या घरात पहिल्याच दिवशी खाणं बदललं की हगवण लागते आणि रात्री फोन तुम्हालाच येतो.