ट्रकला नवा सायलेन्सर घेताना या चुका टाळा

माझी पहिली चूक दुकानाच्या दारातच झाली. दहा टायरी गाडीचा जुना सायलेन्सर गंजून खालून फुटला होता. नाशिकच्या द्वारका ते आडगाव पट्ट्यातल्या एका दुकानात, गाडीच्या कंपनीचा नसलेला, बाहेरच्या मेकचा नवा बसवला. ड्रायव्हरने उभ्या गाडीला दोनदा रेस दिली. आवाज खर्जातला, भरदार. मी मान डोलावली आणि पैसे मोजले.

दुसऱ्या दिवशी गाडी कांदा भरून वाशीला निघाली. विल्होळी सुटल्यावर टॉप गिअर पडला आणि केबिनमध्ये घूं असं जे घुमायला लागलं, ते घोटीच्या टोलनाक्यावर गाडी थांबेपर्यंत. तिथून ड्रायव्हरचा फोन आला, "शेठ, डोकं पिकलं. क्लीनर कानात बोळे घालून बसलाय."

उभ्या गाडीचा आवाज ऐकून सायलेन्सर घेणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. ती का होते ते समजलं की बाकीच्या निम्म्या चुका आपोआप टळतात.

डिझेल इंजिन आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत नुसतं चालू असतं तेव्हा सायलेन्सरपर्यंत पोचणारा धूर शंभर-दीडशे अंशांचा असतो. भरलेली गाडी चढणीला लागली की तोच चारशेच्या आसपास जातो. वायू जितका गरम तितका त्यातून आवाज वेगाने पळतो. साध्या हवेत सेकंदाला 340 मीटर, तर साडेतीनशे अंशांच्या धुरात जवळपास 500 मीटर. सायलेन्सरच्या आतले कप्पे आणि नळ्या ठरावीक लांबीच्या असतात, त्यामुळे थंड धुरात ते जो सूर दाबतात, गरम धुरात तो निसटतो आणि दुसराच दाबला जातो. दुकानात ऐकलेला आवाज रस्त्यावर तसाच येईल याची खात्री म्हणूनच देता येत नाही.

दुसरी बाब इंजिनच्या फेऱ्यांची, म्हणजे आरपीएमची. सहा सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला 1500 फेऱ्यांवर चालत असेल तर सेकंदाला 75 स्फोट होतात, म्हणजे 75 हर्ट्झचा सूर. चार सिलिंडरच्या पिकअपला 2400 फेऱ्यांवर 80 हर्ट्झ. हे खालचे सूर कानापेक्षा छातीत जास्त जाणवतात, आणि केबिनचा पत्रा त्याच सुरात थरथरला की घुमणं सुरू होतं. त्यात मालवाहू गाडीला ताशी 80 किलोमीटरवर वेग अडवणारा स्पीड गव्हर्नर. समृद्धी महामार्गावर सिन्नरहून नागपूरकडे निघालेली गाडी तासन्‌तास एकाच फेऱ्यांवर चालते. तुमचा सायलेन्सर नेमका त्याच आकड्यावर घुमत असेल तर सुटका नाही.

म्हणून दुकानात जायच्या आधी टॅकोमीटर, म्हणजे इंजिनच्या फेऱ्या दाखवणारा काटा बघा. आपली गाडी दिवसाचा जास्तीत जास्त वेळ कितीवर चालते तो आकडा लिहून घ्या आणि दुकानदाराला तोच सांगा. "भारी आवाज पाहिजे" म्हणालात तर तो त्याच्याकडे पडून असलेला देईल. शक्य असेल तर आधी क्लँपवर बसवून घ्या, गाडी भरलेली असताना घोटीपर्यंत एक फेरी मारा, मगच पक्कं वेल्डिंग करा. चांगला दुकानदार याला नाही म्हणत नाही.

मोबाइलवरच्या व्हिडिओचा आवाज ऐकून निवड करणारे तरुण मालक खूप भेटतात. फोनचा माईक मोठा आवाज आपोआप दाबतो आणि 75 हर्ट्झसारखा खर्ज जवळजवळ गाळूनच टाकतो. जे घुमणं तुम्हाला छळणार आहे, ते त्या व्हिडिओत नसतंच.

आता आतल्या रचनेबद्दल. कप्प्यांचा सायलेन्सर खालचा सूर चांगला दाबतो, पण धुराला वळणं घ्यायला लावतो. सरळ आरपार भोकांची नळी आणि भोवती काचलोकर, या प्रकारात धूर मोकळा जातो, पण लोकर वरचेच सूर शोषते आणि खर्ज तसाच राहतो. शिवाय डिझेलची काजळी लोकरीत भरते, काही लोकर जळून उडून जाते, आणि वर्षभरात आवाज वाढलेला असतो. मालवाहू गाडीला माझं मत कप्प्यांच्या बाजूने. पिकअप हौसेने ठेवणाऱ्याचं वेगळं.

"थोडं बॅकप्रेशर लागतंच, नाहीतर पिकअप जातो" हे वाक्य प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकू येतं. बॅकप्रेशर म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराला होणारा अडथळा, आणि इथे पिकअप म्हणजे गाडीची उचल. टर्बो डिझेलला ते लागू नाही. टर्बोनंतर अडथळा जितका कमी तितकं त्याला बरं. उलट चूक होते ती अशी: चार इंची पाईपवर साडेतीन इंची तोंडाचा सायलेन्सर रिड्यूसर, म्हणजे निमुळता जोड, लावून ठोकतात. अर्ध्या इंचाने काय होतंय असं वाटतं, पण धूर जायची जागा जवळजवळ पावपट कमी होते. मग चढणीला गाडी दम टाकते, काळा धूर, डिझेल जास्त.

कायद्याचं थोडक्यात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 120 नुसार प्रत्येक गाडीला सायलेन्सर सक्तीचा आहे. साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांना इंजिनच्या ताकदीप्रमाणे 77, 78 किंवा 80 डेसिबलची मर्यादा आहे. हे माप धावत्या गाडीचं, साडेसात मीटरवरून घेतलेलं असतं. धुरांड्याशी मोबाइल धरून आलेल्या आकड्याशी त्याचा संबंध नाही. आवाजाचे निकष मोडले तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 190 खाली दहा हजारांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्सला मुकणं, शिवाय परवानगीशिवाय बदल केल्याबद्दल मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार. आणि आठ वर्षं झालेल्या गाडीला दरवर्षी पासिंगला उभं राहायचं असतं हेही लक्षात ठेवा.

एप्रिल 2020 नंतरची, म्हणजे धुराच्या बीएस 6 निकषांची गाडी असेल तर हा लेख तुमच्यासाठी इथेच जवळपास संपतो. तुम्ही ज्याला सायलेन्सर म्हणता त्या डब्यातच धूर साफ करणारं सगळं असतं: काजळी अडवणारी गाळणी, युरियाचं पाणी जिथे काम करतं तो भाग, तापमानाचे आणि वायूचे सेन्सर. "आतलं काढून पोकळ करून देतो" म्हणणाऱ्या मिस्त्रीला चहा पाजा आणि निघा. डबा पोकळ केला की डॅशबोर्डवर दिवा लागतो, मग इंजिन स्वतःच ताकद कमी करतं, आणि अर्ध्या घाटात गाडी उभी राहायची वेळ येते. या गाड्यांना फार तर डब्यानंतरची शेपटी बदलता येते.

पत्रा पारखताना लोहचुंबक घेऊन येणारे हुशार गिऱ्हाईक असतात. चुंबक चिकटलं म्हणजे स्टेनलेस खोटं, असं ते समजतात. सायलेन्सरला सर्रास वापरतात ते 409 नंबरचं स्टेनलेस चुंबकाला चिकटतंच. त्यावर तांबूस थर येतो, पण साध्या लोखंडासारखं ते कुजत नाही. चुंबकापेक्षा सांधे बघा, वेल्डिंग अखंड आहे का बघा.

बसवून झाल्यावर आवाज बिघडला तर सायलेन्सरला शिव्या देण्याआधी हे तपासा. थंड इंजिनला फटफट आणि गरम झाल्यावर बंद, म्हणजे कुठेतरी गॅस्केट गळतंय. धातू फुगला की फट बुजते. सांध्याभोवती काजळीचा फराटा दिसेल. रबरी हातोडीने ठोकल्यावर खुळखुळलं तर आतला पडदा तुटलाय. घुमणं फेऱ्यांवर अवलंबून आहे की वेगावर, हे गिअर बदलून बघा. त्याच फेऱ्यांवर प्रत्येक गिअरमध्ये येत असेल तर सायलेन्सर. गिअर कुठलाही असो, साठच्या वेगालाच येत असेल तर जॉइंट शाफ्टचं सेंटर बेअरिंग नाहीतर टायर बघा. यात एका ओळखीच्या मालकाने दोन सायलेन्सर बदलले होते, दोष बेअरिंगमध्ये होता.

सायलेन्सर ज्यावर टांगलेला असतो त्या हँगरचे रबर जुनेच ठेवू नका. आणि रबराऐवजी पट्टी मारून सायलेन्सर चेसिसला घट्ट आवळला तर इंजिनची सगळी थरथर पाईपवर येते, काही महिन्यांत फ्लेक्सिबल पाईप तडकतो. वेल्डिंगच्या वेळी बॅटरीचे दोन्ही टर्मिनल आणि ईसीएमचा (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा) कनेक्टर काढायला सांगा, अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या जवळच लावायला सांगा. मिस्त्री "काय नाय होत भाऊ" म्हणेल. ईसीएम जळाला तर पैसे तुमचे जातात.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर, सायलेन्सर थंड झाल्यावर, सगळे नटबोल्ट पुन्हा आवळा. माझा तो भरदार आवाजाचा सायलेन्सर दुकानदाराने परत घेतला नाही. तो दीड वर्ष शेडच्या मागे पडून होता, मग भंगारवाल्याने किलोवर नेला.