चायना ग्रासची स्ट्रॉबेरी जेली घट्ट होत नव्हती : माझा अनुभव

साताऱ्यात हंगामाच्या शेवटी महाबळेश्वरकडची मऊ पडलेली स्ट्रॉबेरी स्वस्त मिळते, म्हणून वजन उतरवताना गोड खाण्यासाठी मी चायना ग्रास (जेली घट्ट करणारे, समुद्री शेवाळापासून बनवलेले धागे) घालून तिची जेली करू लागले. पण ती रात्रभर फ्रिजमध्ये ठेवूनही पातळच राहत असे. गर चायना ग्राससोबत अधिक वेळ उकळून पाहिला, तर ती आणखी बिघडली. तिसऱ्यांदा ओतून देताना रडूच आले.

दोष आंबटपणाचा होता : आंबट फळासोबत उकळल्यास चायना ग्रासची घट्ट धरण्याची शक्ती घटते. आता ५ ग्रॅम चायना ग्रास अर्धा तास भिजवून, ४०० मिलिलिटर पाण्यात एकही धागा दिसेनासा होईपर्यंत उकळते, चार चमचे साखर विरघळवते, गॅस बंद करते आणि मगच २०० ग्रॅम फळांचा गर, फ्रिजमधला थंड नव्हे, त्यात ढवळून लगेच सहा वाट्यांत ओतते. एका वाटीत जेमतेम २५ कॅलरी होतात.