मसल कारला मागचा गिअर रेशो निवडताय? मग या चुका टाळा

मिशिगनमध्ये बर्फ वितळून रस्ते कोरडे झाले की मसल कारवाले, म्हणजे मोठ्या इंजिनाच्या जुन्या अमेरिकन गाड्यांचे मालक, मला हमखास विचारतात: "गाडीला ४.१० टाकू का?" गाडी कोणती, गिअरबॉक्स कोणता, टायर केवढे, यातलं काही सांगायच्या आधीच आकडा ठरलेला असतो. ४.१० हा मागच्या ॲक्सलचा रेशो, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे ४.१० फेरे झाले की चाकाचा एक फेरा. आकडा वाढवला की पिकअप वाढतो, हे सगळ्यांना पाठ असतं. पण तेवढ्याच वेगाला इंजिनला जास्त फिरावं लागतं, ही दुसरी बाजू कुणी ऐकून घेत नाही.

सिग्नलवरच्या पिकअपसाठी गिअर निवडणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. डेट्रॉईटजवळ राहणाऱ्या आपल्याकडच्याच एका तरुणाने शेव्हरोलेटची १९६९ची शेव्हेल एसएस ३९६ घेतली. टर्बो ४०० ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मागे १२-बोल्ट (कव्हरला बारा बोल्ट असलेला) ॲक्सल, रेशो ३.३१. गाडी उत्तम होती. मी म्हटलं, "अरे, एक उन्हाळा चालव, मग बघू." त्याने महिन्याभरात ४.१० बसवून घेतला. वुडवर्ड ॲव्हेन्यूवर एका सिग्नलपासून दुसऱ्यापर्यंत गाडी झेपावायची, तो खूश.

मग बायको-मुलीला घेऊन आय-७५ने मॅकिनॉ सिटीला निघाला, मीही सोबत होतो. हायवेवर ताशी ७० मैल धरल्यावर टॅकोमीटरचा काटा इंजिनच्या मिनिटाला ३,८०० फेऱ्यांच्या आसपास जाऊन बसला तो हलेचना. पायाखालची पत्र्याची जमीन थरथरत होती, मागे मुलगी कानावर हात ठेवून बसली होती, बोलायचं तर ओरडून बोलावं लागत होतं. वेस्ट ब्रँचला थांबलो तर बॉनेटखालून तापलेल्या ऑइलचा वास येत होता. "दादा, काही बिघडलंय का?" असं त्याने विचारलं. काहीही बिघडलं नव्हतं. त्या गिअरला गाडी अशीच चालणार होती. पुढचा सगळा प्रवास ताशी ५५ने केला आणि ट्रक आम्हाला ओलांडून जात राहिले. पानगळ सुरू व्हायच्या आत त्याने परत ३.३१ बसवला. मजुरी दोनदा गेली.

कागदावरचं गणित दोन मिनिटांचं आहे. ताशी मैल गुणिले रेशो गुणिले ३३६, भागिले टायरचा व्यास इंचात, की इंजिनचे मिनिटाचे फेरे मिळतात. त्याचे टायर २३५/६०आर१५, म्हणजे व्यास साधारण २६.१ इंच. ७० मैलांना ३.३१ वर येतात सुमारे २,९८०, ४.१० वर ३,६९५. इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांना ऑइलने जोडणारा टॉर्क कन्व्हर्टर लॉकअप (दोन्ही थेट जोडणारा क्लच) नसेल तर थोडा घसरतो, तो फरक वर धरायचा. त्या गाडीचं ३२५ हॉर्सपॉवरचं ३९६ घनइंचांचं इंजिन आपला पूर्ण टॉर्क, ४१० पाउंड-फूट, ३,२०० फेऱ्यांनाच देतं. असल्या इंजिनाला मागून ढकलायची गरज नसते. चाकं जागच्या जागी फिरून रबर जळणं म्हणजे वेग नव्हे, हे नवशिक्यांना समजावताना माझा घसा कोरडा पडतो. कॅमारो झेड/२८ चं छोटं ३०२ इंजिन वेगळं. त्याची खरी ताकद वरच्या फेऱ्यांत आहे, म्हणून शेव्हरोलेटनेच त्याला ३.७३ दिला होता. जास्त फेऱ्यांना पेट्रोलही जास्त लागतं, पण त्या काळी ते गॅलनला ३५ सेंटच्या आसपास होतं, हेही विसरू नका.

माझी सवय सांगतो. आधी मालकाला विचारतो, तू ही गाडी जास्तीत जास्त वेळ कुठल्या वेगाने चालवणार? त्या वेगाला ऑटोमॅटिक गाडीचं इंजिन ३,००० च्या वर जाणार असेल, तर मी तो गिअर बसवायला हात लावत नाही. फक्त ड्रॅग स्ट्रिपवर (सरळ रेषेतल्या शर्यतीच्या ट्रॅकवर) ट्रेलरने नेणार असाल तर गोष्ट निराळी.

गिअरबॉक्स ठरवायच्या आधी ॲक्सल उघडणं

"नंतर कधीतरी ओव्हरड्राइव्ह टाकू" म्हणणाऱ्यांनी तो आधी टाकावा. ओव्हरड्राइव्ह म्हणजे इंजिनला कमी फिरवणारा, १ पेक्षा कमी रेशोचा वरचा गिअर. टर्बो ४०० चा पहिला गिअर २.४८, ४.१० ने गुणला की १०.२. ओव्हरड्राइव्ह असलेल्या ७००आर४ ऑटोमॅटिकचा पहिला ३.०६, त्याला ३.७३ लावला तर ११.४. म्हणजे कमी आकड्याच्या ॲक्सलने गाडी जास्त जोरात उठते आणि ०.७० च्या चौथ्या गिअरवर ७० मैलांना इंजिन २,३५० च्या आसपास फिरतं. मोठ्या इंजिनाला मात्र ७००आर४ मजबूत करून घ्यावा लागतो. मला तिथे ४एल८०ई आवडतो. तो टर्बो ४०० चाच वंशज, चौथा गिअर ०.७५. त्याच्याबरोबर ४.१० सुद्धा रस्त्यावर चालून जातो.

उलटी चूकही होते. ०.६४ चा पाचवा गिअर आणि मागे २.७३, वर जास्त फेऱ्यांवरच ताकद देणारा मोठा कॅमशाफ्ट. ७० मैलांना इंजिन १,६०० सुद्धा गाठत नाही, गचके देत राहतं आणि तो पाचवा गिअर कधी वापरलाच जात नाही.

टायरचा व्यास कंपनीच्या कागदावरून घेणं

मी टायरवर आणि जमिनीवर खडूने खूण करतो, गाडी ढकलून चाकाचा एक पूर्ण फेरा टेपने मोजतो आणि ३.१४ ने भागतो. गाडीच्या वजनाखाली टायर थोडा दबतोच. २६ वरून २८ इंचांवर गेलात तर ४.१० हा ३.८ सारखा वागू लागतो.

सध्या कुठला रेशो आहे हे न बघता नवा मागवणं

गेल्या पन्नास वर्षांत ॲक्सल कुणीतरी बदललेला असू शकतो. कव्हर उघडा, क्राऊनचे (ॲक्सलमधल्या मोठ्या गिअरचे) दात मोजा, पिनियनच्या (त्याला फिरवणाऱ्या छोट्या गिअरच्या) दातांनी भागा. ४१ भागिले ११ म्हणजे ३.७३. मालक काय सांगतो याला इथे किंमत नाही.

कॅरिअर न बघता क्राऊन-पिनियन विकत घेणं

स्वस्तात मिळाला म्हणून ४.१० चा सेट घेऊन येणारे दरवर्षी भेटतात. जीएमच्या (शेव्हरोलेटच्या मूळ कंपनीच्या) १२-बोल्टमध्ये ३.०८ ते ३.७३ ला एक कॅरिअर (क्राऊन ज्यावर बसतो तो भाग), ४.१० आणि त्याहून मोठ्या आकड्यांना दुसरा. पहिल्या कॅरिअरवर साधा ४.१० चा क्राऊन लावला तर तो पिनियनपर्यंत पोचतच नाही. एकतर कॅरिअर बदला, नाहीतर जाड क्राऊनचा सेट घ्या. शेव्हेलवाल्याच्या बिलात नवा कॅरिअरही होता. फोर्डच्या ९ इंची ॲक्सलला ही भानगड नाही. क्राऊन, पिनियन, कॅरिअर असा अख्खा गोळा पुढून बाहेर निघतो, त्यामुळे रेसवाले दोन रेशोचे दोन गोळे तयार ठेवतात. आणि क्राऊन एका सेटचा, पिनियन दुसऱ्याचा, असं कधीही करू नका. ते जोडीनेच घासून जुळवलेले असतात.

एका दुपारीत बसवून मोकळं होणं

व्हिडिओ बघून रविवारी दुपारी सुरू करायचं आणि संध्याकाळी गाडी रस्त्यावर काढायची, ही घाई मला बघवत नाही. पिनियनची खोली, बेअरिंगवरचा दाब (प्रीलोड), दातांमधली मोकळी जागा (बॅकलॅश), दातांवर रंग लावून उमटणारा ठसा; हे सगळं एकमेकांवर अवलंबून आहे. एक शिम (जागा भरणारी पातळ चकती) बदलली की बाकीचं परत मोजायचं. बॅकलॅश बहुतेक सेटना ०.००६ ते ०.०१० इंच लागतो, तो डायल गेजशिवाय कळत नाही. "हाताला बरोबर लागतंय" म्हणणाऱ्या मेस्त्रीकडे ॲक्सल देऊ नका. मी जुन्या बेअरिंगांची भोकं घासून थोडी मोठी करून ठेवली आहेत. ती हाताने निघतात, म्हणून शिम पुन्हापुन्हा बदलायचा कंटाळा येत नाही. ठसा मनासारखा आला की मगच नवीन बेअरिंग दाबून बसवायची. पिनियन घट्ट करताना चेपली जाणारी क्रश स्लीव्ह दर वेळी नवीन. एकदा चेपलेली परत वापरली की पिनियन ढिला पडतो आणि गाडी कोकलायला लागते.

स्पीडोमीटर विसरणं

३.०८ चा ४.१० केलात तर काटा ३३ टक्के जास्त दाखवेल. गिअरबॉक्समधला छोटा प्लास्टिकचा गिअर त्याच दिवशी बदला.

नवीन गिअरला लगेच ताणणं

पहिल्यांदा १५-२० मैल शांतपणे चालवा आणि अर्धा तास पूर्ण थंड होऊ द्या. पहिले ५०० मैल बर्नआउट (चाकं जागीच फिरवणं) नाही, ट्रेलर ओढणं नाही. ५०० मैल झाले की ऑइल काढून ८०डब्ल्यू-९० जीएल-५ नवीन भरा, पॉझिट्रॅक्शन (मागच्या दोन्ही चाकांना ताकद देणारी रचना) असेल तर त्याचं ॲडिटिव्हही घाला. काढलेलं ऑइल स्वच्छ ट्रेमध्ये घेऊन उजेडात बघा. बारीक चंदेरी पूड असेल तर ठीक. नखाला लागेल एवढा तुकडा सापडला तर गाडी तिथेच थांबवा आणि कव्हर उघडा.