घरगुती समारंभांच्या सीडी-डीव्हीडी हार्ड डिस्कवर कशा उतरवाव्यात

घरातील लग्न, मुंज, बारसे, साठीशांत अशा समारंभांच्या डिस्क हार्ड डिस्कवर उतरवून घ्यायचे ठरले, की संगणक सुरू करण्याआधी सर्व डिस्क एका टेबलावर मांडून त्यांची वर्गवारी करावी. दोन हजार सालाच्या आगेमागे छायाचित्रकार बहुधा व्हीसीडी, म्हणजे व्हिडिओ सीडी, देत असत, नंतर डीव्हीडी देऊ लागले, आणि ज्यांच्याकडे डिस्कवर चित्रण करणारा हँडीकॅम होता त्यांच्याकडे ८ सेंटिमीटर व्यासाच्या छोट्या डीव्हीडीही असतात. व्हीसीडी आणि डीव्हीडी बाहेरून सारख्याच दिसतात. संगणकात उघडल्यावर ‘एमपीईजीएव्ही’ नावाचा फोल्डर आणि त्यात ‘डॅट’ फाइल दिसली तर ती व्हीसीडी, आणि ‘व्हिडिओ टीएस’ नावाचा फोल्डर दिसला तर ती डीव्हीडी समजावी. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण दोहोंची नक्कल घेण्याची रीत वेगळी आहे.

येथे केवळ घरच्या चित्रणाचा विचार केला आहे. विकत घेतलेल्या चित्रपटांच्या डिस्कवर बहुधा कुलूप असते, आणि ते तोडण्याचा प्रश्न कॉपीराइट कायद्यात २०१२ साली घातलेल्या कलम ६५अ शी जोडलेला असल्यामुळे तो स्वतंत्र विषय ठरतो.

आधी कोणती डिस्क घ्यावी

घरी किंवा स्टुडिओत ‘राइट’ केलेल्या डिस्कमध्ये माहिती सेंद्रिय रंगद्रव्याच्या थरात नोंदलेली असते. ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनी हा थर हळूहळू खराब होतो. त्यामुळे सर्वांत जुन्या, खिडकीजवळ ठेवलेल्या आणि पाठीवर कागदी लेबल चिकटवलेल्या डिस्क प्रथम हाताळाव्यात. हे लेबल काढण्याचा मोह मात्र टाळावा. सीडीमध्ये नोंदीचा थर लेबलाच्या बाजूला, लाखेच्या पातळ लेपाखालीच असतो. लेबल ओढले की त्याबरोबर थराचे पापुद्रे निघून येतात आणि गेलेला भाग कोणत्याही उपायाने परत मिळत नाही. डीव्हीडीत हा थर ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन प्लास्टिकच्या चकत्यांमध्ये दबलेला असल्यामुळे ती या बाबतीत अधिक सुरक्षित असते. परंतु वाकडे चिकटवलेले लेबल डिस्कचा तोल बिघडवते आणि वेगाने फिरताना ती थरथरते, म्हणून अशी डिस्क कमी वेगाने वाचावी.

चमकदार बाजूवरील बोटांचे ठसे आणि बुरशीचे डाग मऊ मायक्रोफायबर कापडाने, गरज पडल्यास थेंबभर सौम्य साबणाच्या पाण्याने पुसावेत. पुसताना हात नेहमी मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत न्यावा. गोलाकार पुसल्याने पडणारा बारीक ओरखडा नोंदीच्या दिशेनेच जातो आणि सलग बराच भाग वाचता येत नाही. आडव्या ओरखड्याने प्रत्येक फेरीत थोडाच भाग झाकला जातो आणि तेवढी उणीव ड्राइव्हची दुरुस्ती-यंत्रणा भरून काढते. टूथपेस्ट लावण्याचा घरगुती उपाय पुष्कळांनी ऐकलेला असतो, पण नक्कल घेण्याचे इतर सर्व मार्ग संपल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये.

प्रत्यक्ष नक्कल

नव्या लॅपटॉपमध्ये डिस्कचा ड्राइव्ह नसतो, म्हणून यूएसबीने जोडला जाणारा डीव्हीडी रायटर लागतो. फक्त फटीतून डिस्क आत ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये ८ सेंटिमीटरची डिस्क कधीही घालू नये, ती आत अडकते. या छोट्या डिस्कची आणखी एक अडचण असते. हँडीकॅमवर चित्रण संपल्यानंतर ती ‘फायनलाइझ’ केलेली नसेल, तर संगणकाला ती कोरी वाटते. मूळ कॅमेरा चालू स्थितीत असेल तर त्याच्या मेनूमधून हे काम आधी उरकावे. तो नसेल तर आयसोबस्टरसारखे सॉफ्टवेअर अशा डिस्कमधील चित्रण बहुधा शोधून देते.

डीव्हीडीसाठी फोल्डर उचलून चिकटवण्यापेक्षा संपूर्ण डिस्कची आयएसओ प्रतिमा घेणे श्रेयस्कर आहे. विंडोजवर इमजीबर्न हे मोफत सॉफ्टवेअर त्यासाठी पुरेसे आहे. प्रतिमेत मेनू, प्रकरणे, ध्वनी आणि चित्र असे सर्व काही मुळाप्रमाणे राहते आणि एका डिस्कची एकच फाइल होते. एका थराच्या डीव्हीडीत जास्तीत जास्त ४.७ जीबी माहिती मावते. चांगली डिस्क पंधरा-वीस मिनिटांत उतरते. वाचनाचा वेग ‘मॅक्स’वर न ठेवता ४ किंवा ८ पट इतकाच ठेवला तर वेळ थोडा अधिक जातो, पण डळमळीत डिस्कच्या चुका पुष्कळ कमी होतात.

व्हीसीडीची आयएसओ प्रतिमा घेऊ नये. त्यातील चित्रणाचे सेक्टर, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, साध्या डेटा सीडीपेक्षा निराळ्या रचनेचे असतात, त्यामुळे आयएसओमध्ये ते नीट बसत नाहीत. इमजीबर्न अशा डिस्कसाठी आपणहून ‘बिन’ आणि ‘क्यू’ अशी जोडी तयार करते आणि ती दोन्ही फाइली एकत्रच ठेवाव्या लागतात. अधिक जागा मिळावी म्हणून व्हीसीडीच्या चित्रणात चूक-दुरुस्तीचा एक स्तर वगळलेला असतो. म्हणूनच थोड्याशा ओरखड्यानेही तिच्या चित्रात चौकोन उमटतात, आणि म्हणूनच व्हीसीडींचे काम डीव्हीडींच्या आधी करावे.

इमजीबर्न मध्येच अडखळून ‘रीड एरर’ देऊ लागले तर पुन्हा पुन्हा तोच प्रयत्न करत बसू नये. अडलेल्या डीव्हीडीसाठी लिनक्स या मोफत कार्यप्रणालीवरील डीडीरेस्क्यू हे उत्तम साधन आहे आणि त्यासाठी संगणकावर लिनक्स बसवण्याचीही गरज नसते. पेनड्राइव्हवरून उबुंटू हा लिनक्सचा प्रकार सुरू करून ते वापरता येते. त्याची पद्धत एखाद्या जाणत्या कारागिराची आहे. सहज वाचता येणारा भाग ते आधी उचलते, अवघड जागा वगळून पुढे जाते, आणि मग फक्त त्या जागांकडे परत येते. कोणता भाग मिळाला आणि कोणता राहिला याची नोंद ते एका नकाशा-फाइलमध्ये ठेवते. या फाइलमुळे एक मोठी सोय होते: काम थांबवून डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालावी, त्याच नकाशा-फाइलवर काम पुढे सुरू करावे, आणि पहिल्याला न जमलेले सेक्टर दुसरा ड्राइव्ह वाचतो का ते पाहावे. वेगवेगळ्या ड्राइव्हची वाचण्याची क्षमता खरोखरच निराळी असते. शेजाऱ्याच्या जुन्या डेस्कटॉपमधील ड्राइव्हने नव्या यूएसबी ड्राइव्हला हरवल्याचे प्रस्तुत लेखकाने पाहिले आहे. एखादी डिस्क रात्रभर चालू ठेवावी लागली तरी हरकत नाही. काही सेक्टर शेवटपर्यंत मिळाले नाहीत, तरी चित्र क्षणभर फाटण्यापलीकडे बहुधा काही बिघडत नाही.

नक्कल पूर्ण झाली म्हणजे ती व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरमध्ये उघडून पाहावी, आणि सुरुवातीची पाच मिनिटे पाहून समाधान मानू नये. डिस्कवर नोंद मध्यापासून कडेकडे होत जाते आणि हाताळणीचा सर्व मार कडेला बसतो. लग्नाची डिस्क पूर्ण भरलेली असेल तर हळद आणि सीमांतपूजन आतल्या सुरक्षित वर्तुळात असते, पाठवणी आणि वरात मात्र नेमकी कडेवर. तेव्हा शेवटची दहा मिनिटे अवश्य पाहावीत.

पाहण्याची प्रत निराळी

आयएसओ ही जतनाची प्रत झाली. मोबाइलवर किंवा टीव्हीवर पाहण्यासाठी आणि परदेशातील भावंडांना पाठवण्यासाठी तिच्यापासून दुसरी, हलकी प्रत करावी. मेकएमकेव्ही हे सॉफ्टवेअर चित्राला हात न लावता त्याची एमकेव्ही फाइल करते. हँडब्रेक चित्र नव्याने संकुचित करून लहान एमपी४ फाइल देते. भारतातील डीव्हीडी ७२० बाय ५७६ आकाराच्या, सेकंदाला २५ चित्रांच्या असतात आणि प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांत विणलेले असते, त्यामुळे हँडब्रेकमध्ये डीइंटरलेसचा पर्याय चालू ठेवावा. नाहीतर नाचणाऱ्या वऱ्हाड्यांच्या कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसतात. गुणवत्तेचा आकडा १८ ते २० च्या दरम्यान ठेवल्यास सहसा फरक जाणवत नाही.

ही हलकी प्रत जतनाच्या प्रतीची जागा घेऊ शकत नाही. प्रस्तुत लेखकाने पूर्वी जागा वाचवण्यासाठी घरातील एका मुंजीची डिस्क त्या वेळच्या पद्धतीने अगदी लहान फाइलमध्ये दाबली आणि मूळ डिस्क एका नातेवाइकांना दिली. डिस्क परत आली नाही. उरलेल्या फाइलमध्ये मातृभोजनाच्या पंगतीतील चेहरे ओळखूही येत नाहीत.

नावे आणि टिपणे

फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा क्रम ठेवावा, म्हणजे फोल्डर आपोआप कालक्रमाने लागतो. नाव रोमन अक्षरांत ठेवलेले बरे, कारण जुन्या टीव्हींवर देवनागरी नावांच्या जागी नुसते चौकोन दिसतात. मराठीतील तपशील मात्र प्रत्येक फोल्डरमध्ये एका साध्या मजकूर-फाइलमध्ये लिहावा: कार्यालय कोणते, गाव कोणते, कोण मुलीकडचे, कोण मुलाकडचे, पगडी घातलेले आजोबा कोणाचे. हे काम आत्या, मामा किंवा थोरल्या काकूंना शेजारी बसवूनच होते, आणि नक्कल करण्यापेक्षा त्यालाच जास्त दिवस लागतात. शंभर डिस्क एकदम संपवण्याऐवजी आठवड्याला चार घेतल्या तर दोन्ही कामे बरोबरीने पुढे सरकतात.

हार्ड डिस्क

शंभर भरलेल्या डीव्हीडींना सुमारे ४७० जीबी जागा लागते, म्हणजे हलक्या प्रतींसह १ टीबीची हार्ड डिस्क पुरते. विंडोज तीच जागा सुमारे ९३१ जीबी अशी दाखवते. त्यात विक्रेत्याची लबाडी नाही, मोजण्याची पद्धत वेगळी आहे. हार्ड डिस्क एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर तीवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि भरलेल्या डीव्हीडीची आयएसओ नेमकी तेथेच अडते. म्हणून एक्सफॅट किंवा एनटीएफएस निवडावे.

हार्ड डिस्क एकच घेऊ नये. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला तीन-दोन-एकचा नियम सांगतो, की तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी. येथे मूळ डिस्क ही पहिली प्रत, घरातील हार्ड डिस्क दुसरी आणि बहिणीच्या किंवा मित्राच्या घरी ठेवलेली तिसरी. दोन्ही हार्ड डिस्क वेगवेगळ्या कंपन्यांच्या घ्याव्यात, म्हणजे एकाच उत्पादनातील दोष दोहोंत येणार नाही. वर्षानुवर्षे कपाटात ठेवण्यासाठी एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क, योग्य नाही, कारण वीज न मिळाल्यास तिच्यातील विद्युतभार हळूहळू ओसरतो.

प्रत्येक फाइलची एसएचए-२५६ बेरीज (फाइलमधील माहितीवरून निघणारा, तीत जरा बदल झाला तरी बदलणारा संकेत) काढून ती यादी दोन्ही हार्ड डिस्कवर ठेवावी. सेव्हन-झिप या सॉफ्टवेअरच्या उजव्या क्लिकच्या मेनूतून ती निघते. वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा संपल्यावर, दोन्ही हार्ड डिस्क जोडून बेरजा पुन्हा काढाव्यात. एखादी जुळली नाही तर ती फाइल दुसऱ्या हार्ड डिस्कवरून, तेथील बेरीज जुळत असल्याची खात्री करून, पुन्हा घ्यावी. कोकणपट्टीत हार्ड डिस्क सिलिका जेलच्या पुडीसह बंद डब्यात ठेवावी आणि वातानुकूलित खोलीतून दमट हवेत आणल्यावर लगेच जोडू नये.

उतरवलेल्या मूळ डिस्क टाकून देऊ नयेत. त्या पाकिटात चुरगळून न ठेवता कडक डबीत उभ्या ठेवाव्यात आणि फाइलच्या नावातील तारीखच डिस्कच्या मधल्या पारदर्शक कड्यावर पाण्याच्या शाईच्या मार्करने लिहावी. तेथे नोंदीचा थर नसल्यामुळे शाईचा काही अपाय होत नाही.